कोल्हापूर–मिरज लोहमार्गावरील वाफेच्या गाडीचीं शरदांतील छायाचित्रें व त्यांचा काळनिर्णय

१. विषयप्रवेश

जुन्या कागदावर मिती नसली म्हणून आपण तो टाकून देत नाहीं. त्याचें अक्षर, कागद, शिक्का, त्यांत आलेलीं माणसांचीं नांवें व पदव्या पाहून त्याचा काळ ठरवितों. आणि तो ठरेपर्यंत त्याच्या आधारें विधान करण्यास कचरतों. छायाचित्रांच्या बाबतींत मात्र ही शिस्त अद्याप आपल्या अंगवळणीं पडलेली नाहीं. कोणाच्या तरी माळ्यावरून एखादें पिवळें पडलेलें चित्र हातीं येतें. त्यांत एक इंजिन, चार माणसें व फलाटाचा कोपरा दिसतो. आणि 'कोल्हापुरास आलेली पहिली गाडी' असें त्याखालीं लिहून तें छापलें जातें. एकदां छापलें म्हणजे तेंच पुढील दहा लेखकांचा आधार होऊन बसतें.

कोल्हापूर–मिरज मार्गावर वाफेची गाडी आतां धांवत नाहीं. मार्ग आहे, गाड्याहि पुष्कळ आहेत. परंतु ज्या अरुंद रुळांवरून त्या आरंभीं धांवल्या ते रूळ उखडले गेले, आणि तीं इंजिनेंहि गेलीं. त्या काळाचें दृश्य स्वरूप सांगणारा मुख्य पुरावा म्हणजे छायाचित्रें. तीं कोणत्या ऋतूंत चांगलीं निघत व कां, त्यांचा काळ कसा ठरवावा, आणि त्यांतील कोणत्या गोष्टीवर विश्वास ठेवूं नये, इतकें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. मार्गाचा पूर्ववृत्तांत

इ. स. १८७६–७८ च्या दुष्काळानें दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटक हे प्रांत पोळून निघाले. धान्य एका प्रांतांतून दुसऱ्या प्रांतांत वेळेवर पोंचविण्यास आगगाडीवांचून गत्यंतर नाहीं, हें त्या वेळीं सरकारास कळून आलें. त्यांतून सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली व पुणें, मिरज, बेळगांव, लोंढा हा मीटर गेजचा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत आंखला व बांधला गेला. मिरज हें त्यावरील ठाणें. तेथून पश्चिमेस कोल्हापूर सुमारें २९ मैल.

हा तुकडा कोल्हापूर दरबारानें आपल्या खर्चानें बांधविला. मे १८८८ मध्यें कामाचा मुहूर्त श्री शाहू छत्रपतींच्या हस्तें झाला. महाराजांचें वय तेव्हां चौदा वर्षांचेंहि पुरें झालेलें नव्हतें. एप्रिल १८९१ मध्यें, म्हणजे शके १८१३ च्या आरंभीं, मार्ग वाहतुकीस खुला झाला. मालकी दरबाराची व गाड्या चालविण्याचें काम कंपनीचें, अशी ही व्यवस्था होती. १९०८ मध्यें सदर्न मराठा कंपनी मद्रास रेल्वेशीं जोडली गेली व मद्रास अँड सदर्न मराठा असें तिचें नांव झालें. १९४४ मध्यें ती सरकारनें ताब्यांत घेतली. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. १९५१ च्या एप्रिलांत सदर्न रेल्वे अस्तित्वांत आली. १९६६ मध्यें हुबळी विभाग दक्षिण मध्य रेल्वेकडे गेला. १९७१ मध्यें पुणें–मिरज–कोल्हापूर मार्ग ब्रॉड गेजचा झाला. म्हणजे कोल्हापुरास मीटर गेज गाडी राहिली ती ऐंशी वर्षें. या सर्व तारखा येथें एकत्र देण्याचें कारण असें कीं, पुढें काळनिर्णय करतांना त्याच आपले मैलाचे दगड होणार आहेत.

मार्गावर दोन मोठे पूल आहेत. मिरजेकडून निघाल्यावर अंकलीजवळ कृष्णा व कोल्हापूर जवळ येतां रुकडीपाशीं पंचगंगा. मधलीं स्टेशनें जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी, वळिवडें. यांपैकीं जयसिंगपूर हें गांव शाहू महाराजांनीं १९१७ मध्यें आपल्या जनक पित्याच्या नांवानें वसविलें. तेव्हां ज्या चित्रांत तें नांव फलकावर आहे तें त्यापूर्वींचें असणें शक्य नाहीं.

३. शरदांतच कां?

वाफेच्या गाडीचें चित्र घेणारा कोणत्याहि देशांतील असो, पावसाळा संपला कीं तो बाहेर पडतो. याला केवळ हौस कारण नाहीं. इंजिनाच्या धुरांड्यांतून जी वाफ निघते ती निघतांना अदृश्यच असते; पाण्याची खरी वाफ डोळ्यांस दिसत नाहीं. एका घनफूट पाण्याची साध्या दाबावर सोळाशेंहून अधिक घनफूट वाफ होते. ती थंड हवेंत शिरून निवाली, म्हणजे तिचे सूक्ष्म जलकण बनतात व त्यांसच आपण 'वाफ' म्हणतों. वैशाखांतील दुपारीं हवा तापलेली व कोरडी असते. जलकण बनतांबनतांच विरून जातात आणि गाडी जणूं निश्वास न टाकतांच पुढें सरकते. आषाढ-श्रावणांत हवा ओलीचिंब असल्यानें वाफ भरपूर दिसते, परंतु प्रकाश नसतो. पांढरी वाफ करड्या आकाशांत मिसळून जाते. आश्विन-कार्तिकांत दोन्ही गोष्टी एकत्र येतात. जमिनींत ओल आहे, पहांटे गारवा आहे, धूळ पावसानें बसली आहे, आकाश निळें आहे. अशा सकाळीं इंजिनाचा प्रत्येक हुंकार वेगळा दिसतो. दोन सिलिंडरांच्या इंजिनांत चाकाच्या एका फेऱ्याला चार हुंकार होतात. गाडी हळू चालत असल्यास ते चार गोळे आकाशांत एकामागून एक मोजतां येतात.

दुसरें कारण सूर्याच्या उंचीचें. इंजिन काळें, त्याचीं चाकें व दांडे बॉयलरच्या खालीं दडलेले. उन्हाळ्यांत सूर्य माथ्यावर असला म्हणजे या भागावर बॉयलरचीच सावली पडते आणि चित्रांत तेथें काळा डाग राहतो. ऑक्टोबरअखेर सकाळीं आठाच्या सुमारास कोल्हापुरीं सूर्य क्षितिजापासून वीसेक अंशच वर असतो. तो तिरपा प्रकाश चाकांच्या आऱ्यांपर्यंत शिरतो. इतिहासाच्या दृष्टीनें ही गोष्ट महत्त्वाची. कारण इंजिनाची जात त्याच्या चाकांच्या मांडणीवरून ओळखावयाची असते.

तिसरें कारण आपल्या मार्गापुरतें. कोल्हापूर–मिरज मार्गाची सर्वसाधारण दिशा पश्चिम–पूर्व असून ती किंचित् उत्तरेकडे कललेली आहे. विषुवदिनानंतर सूर्य दक्षिणेस जातो. त्यामुळें शरदांत दिवसभर गाडीची दक्षिण बाजूच उजळलेली असते. सकाळीं कोल्हापुराहून मिरजेस निघालेल्या गाडीच्या तोंडावर ऊन येतें व सायंकाळीं मिरजेहून येणाऱ्या गाडीच्या. म्हणून जाणत्या माणसानें कॅमेरा रुळांच्या दक्षिणेसच उभा केलेला आढळेल. जेथें उजळलेली बाजू उत्तरेची दिसेल, तेथें चित्र उन्हाळ्याच्या मध्याचें तरी असावें किंवा कांच उलटी ठेवून छापलेलें तरी असावें. अशा वेळीं फलकावरील अक्षरें, डब्यांचे आंकडे व माणसांच्या सदऱ्याच्या गुंड्या तपासाव्या.

४. जुन्या कांचेचे दोष

छायाचित्रणाची विद्या मुंबईस आगगाडीच्या बरोबरीनेंच आली. पहिली गाडी १८५३ मध्यें ठाण्यास गेली आणि मुंबईची छायाचित्र मंडळी १८५४ मध्यें स्थापन झाली. कोल्हापूरचा मार्ग खुला झाला तेव्हां ओल्या कांचेची खटपट मागें पडून तयार कोरड्या कांचा मिळूं लागल्या होत्या. तरीहि त्या कांचांच्या मर्यादा लक्षांत न घेतल्यास चित्राचा अर्थ चुकतो.

पहिली मर्यादा वेगाची. ताशीं वीस मैल वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत २९ फूट पुढें जाते. शटर सेकंदाचा पन्नासावा भाग उघडें राहिलें, तर तेवढ्यांत ती सुमारें सात इंच सरकते. तेव्हां जुन्या चित्रांत इंजिन बहुधा उभें दिसतें, व त्यापुढें ड्रायव्हर, फायरमन, गार्ड हे ओळीनें उभे असतात. यावरून तो एखादा समारंभच होता असें समजण्याचें कारण नाहीं. उभ्या गाडीचेंच चित्र स्पष्ट निघत असे.

दुसरी मर्यादा रंगाची. जुन्या कांचेवर निळ्या प्रकाशाचा परिणाम अतिशय होई, तांबड्याचा जवळजवळ नाहींच. निळें आकाश व पांढरे ढग दोन्ही पांढरे फटक उमटत, आणि हिरवीं झाडें वाजवीपेक्षां काळीं. त्यामुळें आकाश कोरें दिसतें म्हणून 'ढगाळ दिवस' असें लिहिणें चूक. तसेंच वाफ दिसत नाहीं म्हणून इंजिन थंड होतें असेंहि म्हणतां येत नाहीं. ती पांढऱ्या आकाशांत लोपली असेल.

तिसरी गोष्ट कांचेची नव्हे, माणसाची. धुरांड्यांतून काळ्याकुट्ट धुराचा लोट निघतांना पाहून आपणांस इंजिनाच्या सामर्थ्याचा भास होतो. वस्तुतः काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा. निष्णात फायरमन कोळसा थोडा थोडा टाकतो, हवेचा पुरवठा संभाळतो, व त्याच्या इंजिनाचा धूर पातळ असतो. चित्रकाराच्या विनंतीवरून मुद्दाम कोळसा लोटून धूर काढण्याची चाल मात्र जगभर आढळते, आणि अलीकडे हौशी पाहुण्यांसाठीं चालविलेल्या जुन्या गाड्यांच्या चित्रांत तर ती सर्रास दिसते. तेव्हां धुराच्या लोटावरून चढ, ओझें किंवा वेग यांविषयीं अनुमान करूं नये.

५. काळनिर्णयाचीं साधनें

पहिलें साधन इंजिन व डबे. डब्यावर सदर्न मराठा रेल्वेचीं आद्याक्षरें असल्यास चित्र १९०८ च्या आसपासचें किंवा त्यापूर्वींचें. मद्रास अँड सदर्न मराठाचीं असल्यास त्यानंतरचें. सदर्न रेल्वेचीं असल्यास १९५१ नंतरचें. रंग वर्षानुवर्षें टिके, म्हणून या तारखांची एक बाजूच पक्की धरावी: नवें अक्षर नव्या नांवापूर्वीं येत नाहीं, जुनें मात्र नंतरहि कांहीं काळ राहतें. हाच न्याय इंजिनास लावावा. पुढें चार लहान, मध्यें सहा मोठीं व मागें दोन लहान चाकें असलेली 'वाय पी' जात आणि पुढें दोन, मध्यें आठ व मागें दोन चाकांची 'वाय जी' जात, या मीटर गेजवर स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या सुमारापासून, येऊं लागल्या. जमशेदपूरच्या टेल्को कारखान्यांतहि त्या तयार झाल्या. अशा इंजिनाच्या चित्राखालीं 'संस्थानी काळ' असें लिहिलेलें असल्यास तें निःसंशय तपासून पाहावें.

दुसरें साधन सावली. कोल्हापूर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १६ अंश ४२ कलांवर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीची सावली दक्षिणेस पडते, एरव्हीं उत्तरेस. तिची लांबीहि मोजतां येते. दहा फूट उंचीच्या खांबाची मध्यान्हीची सावली २३ सप्टेंबरास सुमारें ३ फूट, ऑक्टोबरअखेर सुमारें ६ फूट व २२ डिसेंबरास सुमारें साडेआठ फूट भरते.

परंतु येथें एक अडचण आहे. सूर्य दक्षिणेस जातो तसाच परत येतो; म्हणून प्रत्येक सावलीला दोन तारखा संभवतात. ३० ऑक्टोबरची सावली व ११ फेब्रुवारीची सावली यांत फरक नाहीं. शरद कीं शिशिर, हें सावली सांगत नाहीं. स्टेशनचें घड्याळ चित्रांत आलें असेल तर तें सांगूं शकतें. कोल्हापुरीं खरी मध्यान्ह ऑक्टोबरअखेर सुमारें १२ वाजून १७ मिनिटांनीं होते, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२ वाजून ४७ मिनिटांनीं. आतां हें गणित हल्लींच्या प्रमाण वेळेचें. १९०६ पूर्वीं रेल्वेचीं घड्याळें मद्रासच्या वेळेवर चालत व ती वेळ हल्लींच्या वेळेच्या सुमारें नऊ मिनिटें मागें होती; तितकी वजावट जुन्या चित्रांत करावी.

घड्याळ नसेल तेव्हां तिसऱ्या साधनाकडे, म्हणजे शेताशिवाराकडे, वळावें. आश्विनांत रुळांच्या कडेचें गवत उभें व हिरवें असतें, कार्तिकांत पिवळें पडतें. माघांत तेथें बहुधा कापलेलें किंवा करपलेलें रान दिसतें. पंचगंगेचें पात्र शरदांत भरलेलें व कांठावर नुकत्याच ओसरलेल्या पुराचा गाळ. माघांत पुलाचे खांब पायथ्यापर्यंत उघडे. ऊंस शरदांत पुरुषभराहून उंच उभा, पुढें गळीत चालू झालें म्हणजे शेतें तुकड्यातुकड्यांनीं मोकळीं होतात. गुळाचा हंगामहि याच सुमारास सुरू होतो. कोल्हापूर हें गुळाचें मोठें पेठ. १८९५ मध्यें वसलेल्या शाहूपुरीची बाजारपेठ स्टेशनाजवळ वाढली ती या व्यापारावरच. माल धक्क्यावर गुळाच्या रव्यांच्या राशी दिसल्या तर चित्र दिवाळीनंतरच्या महिन्यांतील समजण्यास आधार मिळतो. गुऱ्हाळाच्या चुलाणाचा धूर दूर शेतांत दिसतो. तो दुसऱ्या गाडीचा समजण्याची चूक मात्र करूं नये.

या तीन साधनांपैकीं एकच हातीं असेल तर निर्णय देऊं नये. इंजिन वर्षांची मर्यादा घालतें, सावली दोन महिने सुचविते, शिवार त्यांतील एक निवडतें. तिघांची साक्ष जुळली म्हणजे मितीवांचून आलेल्या चित्रासहि ऋतु व दशक देतां येतें. याहून अधिक नेमकेपणा चित्राच्या पाठीवर कोणी लिहून ठेवलें असेल तरच मिळेल.

६. मिरजेचें विशेष महत्त्व

कोल्हापूरच्या चित्रांचा विचार मिरजेवांचून पुरा होत नाहीं. १८९७ मध्यें कुर्डुवाडी–बार्शी येथें सुरू झालेली, एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअराची बार्शी लाइट रेल्वे १९२७ मध्यें पंढरपुराकडून मिरजेस येऊन पोंचली. तिचे रूळ अवघ्या अडीच फूट अंतराचे. १९७१ नंतर ब्रॉड गेज आल्यावर मिरजेच्या आवारांत तीन मापांचे रूळ नांदूं लागले, व मुंबईचा उतारू गोव्यास जातांना तेथें मोठ्या गाडींतून उतरून मीटर गेजमध्यें बसूं लागला. कोल्हापूरच्या मार्गावरून मीटर गेज उठला, तरी मिरजेहून लोंढ्याकडे जाणारा मीटर गेज मार्ग विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत टिकला. म्हणून मिरजेच्या आवारांतील मीटर गेज इंजिन १९७१ नंतरचें असूं शकतें. कोल्हापूरच्या फलाटावरील असूं शकत नाहीं. हा एक भेद लक्षांत ठेवला तरी पुष्कळ चुका टळतील.

कार्तिकी एकादशीस कोल्हापूर-मिरजेकडील वारकरी या लहान गाडीनें पंढरपुरास जात. यात्रेच्या गर्दीचें चित्र आषाढीचें कीं कार्तिकीचें, असा प्रश्न वारंवार येतो. घोंगड्या, छत्र्या व चिखल असल्यास आषाढी. कोरडी वाट व शाळू-जोंधळ्याचीं कोंवळीं रानें असल्यास कार्तिकी. या भेदास पंचांगाची नव्हे, डोळ्यांची गरज आहे.

वाफेचीं इंजिनें इतर देशांतून नाहींशीं झाल्यावर परदेशी हौशी लोक हिंदुस्थानांत येऊं लागले. रेल्वेच्या आवारांत छायाचित्र घेण्यास तेव्हां परवाना लागे. परवान्यासाठीं अर्ज करून, इंजिनाचा क्रमांक, स्थळ व दिनांक टिपून ठेवणारे बाहेरचेच अधिक. येथील मनुष्य घरच्या लग्नाचें, यात्रेचें किंवा बदलीवर निघालेल्या साहेबाचें चित्र काढवी. त्यांत इंजिन ओघानें येई. पहिल्या प्रकारांत तारीख आहे, माणसें नाहींत. दुसऱ्यांत माणसें आहेत, तारीख नाहीं. दोन्ही संग्रह शेजारीं ठेवल्याशिवाय इतिहास पुरा होणार नाहीं. तसाच एक संग्रह वळिवड्याच्या पोलिश छावणींतील कुटुंबांचा. १९४३ ते १९४८ या काळांत तेथें सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांच्या वंशजांनीं युरोपांत जपलेल्या चित्रांत या मार्गाविषयीं काय आहे, याचा शोध आपल्याकडून व्हावयास पाहिजे.

७. आज शरदांत चित्र घेणाऱ्यांस

ज्यांस वाफेची गाडी प्रत्यक्षच पाहावयाची आहे त्यांस कोल्हापूर सोडून जावें लागेल. भारतांत ब्रॉड गेजवरील वाफेची नित्याची वाहतूक १९९५ मध्यें संपली. दार्जिलिंग व निलगिरी येथील डोंगरी मार्ग अनुक्रमें १९९९ व २००५ मध्यें जागतिक वारशाच्या यादींत आले, आणि १८५५ सालचें 'फेअरी क्वीन' इंजिन १९९७ पासून दिल्ली–अलवर मार्गावर थंडीच्या हंगामांत चालविण्यांत येऊं लागलें. परंतु आपला शरद सर्वत्र चालत नाहीं. निलगिरीवर ऑक्टोबर-नोव्हेंबरांत परतीचा पाऊस पडतो व दरडीहि कोसळतात. तेथें पौष-माघ बरा. दार्जिलिंगास मात्र आश्विन-कार्तिक उत्तम. चित्र घेणाऱ्यानें आज निदान एवढें करावें: स्थळ, दिनांक, वेळ, इंजिनाचा क्रमांक, आणि गाडी नित्याची होती कीं पाहुण्यांसाठीं सोडलेली, हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. नाहींतर शंभर वर्षांनीं कोणी संशोधक आपलें हौसेचें चित्र नित्य वाहतुकीचा पुरावा म्हणून छापील.

८. समारोप

कोल्हापूर हें कॅमेऱ्याशीं परिचित असलेलें शहर. बाबूराव पेंटरांनीं येथेंच कॅमेरा तयार केला व १९२० मध्यें 'सैरंध्री' पुरा केला. १९२९ मध्यें प्रभात कंपनी येथेंच निघाली. अशा गांवीं स्टुडिओंच्या कपाटांत व घरोघरच्या पेट्यांत स्टेशनाचीं चित्रें असणार यांत संशय नाहीं. परंतु ज्या पंचगंगेच्या पुलावरून तीं घेतलीं गेलीं, तीच पंचगंगा त्यांची वैरी झाली आहे. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत सखल पेठांतील घरांत पाणी शिरलें. पहिल्या मजल्यावरचें धान्य लोक वाचवितात; भिंतीवरचें चित्र मागाहून आठवतें.

म्हणून वाचकांस विनंती इतकीच. भिजलेलीं चित्रें एकमेकांस चिकटलेलीं असतां ओढून सोडवूं नयेत. स्वच्छ पाण्यांत ठेवून हळूहळू विलग करावींत व सावलींत सुकवावींत. कांचा उन्हांत तापवूं नयेत. प्रत्येक चित्राची नक्कल घेऊन ती मूळ चित्रापासून वेगळ्या व उंच जागीं ठेवावी. पाठीवर मऊ पेन्सिलीनें, घरांतील सर्वांत वडील मनुष्यास विचारून, नांवें लिहावींत. काळ आम्ही सावलीवरून व चाकांवरून कसाबसा काढूं. इंजिनापुढें कंदील घेऊन उभा असलेला तो मनुष्य कोण, हें मात्र सावली सांगत नाहीं. तें सांगणारें माणूस आज घरांत असेल, उद्यां नसेल.